ब्रॅकेटला गेलेली चीर

हॅलो?

… हो, मीच बोलतेय. … ऐकू येत नाही? थांबा, आत ग्राइंडर चालू आहे, बाहेर येते. … हं, आता बोला. … हो, नीलेशला मीच बोलावलं. साडेदहाला टेम्पो घेऊन ये म्हटलं. … काल संध्याकाळीच सांगितलं त्याला. … तुम्हाला विचारलं असतं तर हो म्हणाला असता का? … मग?

रूपा जळगावच्या एमआयडीसीत एका वेल्डिंगच्या शेडबाहेर उभी होती. पावणेअकरा वाजले होते आणि मार्चचं ऊन आत्तापासूनच पत्र्यांवर तापत होतं. फोनवर तिचा नवरा होता, प्रेमराज. तो तिकडे एरंडोलजवळच्या गावात, घराच्या ओट्यावर बसलेला. त्याच्यासमोर नीलेशचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. नीलेश हा रूपाचा चुलत दीर. मोटारसायकल आणि प्रेमराज, दोघांना टेम्पोत घालून एक वाजायच्या आत जळगावच्या आरटीओच्या मैदानावर आण, असं तिनं त्याला बजावलं होतं. आणि प्रेमराज काही ओट्यावरून उठत नव्हता.

… तुटलंय ते मला माहीत आहे हो. तेच घेऊन तर आलेय. … दोन्ही तुकडे. … दुसरा शेतात सापडला. तुम्ही फेकला होता तिथंच, पऱ्हाट्यांत. उजाडल्या उजाडल्या गेले होते बघायला. … कशाला म्हणजे? … अहो, ऐका ना. ऐका तर.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत प्रेमराज गावोगाव हिंडून शेतांत ठिबकच्या नळ्या जोडायचा. हातात नळीचं भेंडोळं आणि मोटारसायकलवर मागं पान्यांची पिशवी, असाच लोकांनी त्याला बघितलेला. एकदा यावलकडचं काम उरकून येताना गाडी बंद पडली, म्हणून तो केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॉलीवर बसला. कालव्याच्या वळणावर ट्रॉली कलंडली. दवाखान्यात डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली काढला. पुढं धुळ्याच्या शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. त्यानं चालता यायला लागलं, पण मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाशी असतो, आणि गिअर पडला की नाही हे रबराच्या पायाला कळत नाही. गाडी दोन वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि प्रेमराज ओट्यावरच्या खाटेवर. दारात कुणी फवारणीचा पंप आणून टाकला तर तो दुरुस्त करून द्यायचा. कसं काय चाललंय, असं कुणी विचारलं तर नुसती मान हलवायचा.

मग कुणीतरी नशिराबादच्या उखर्डू मिस्तरींचं नाव सांगितलं. सत्तरीच्या पुढचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले, पण हातात कसब होतं. त्यांनी पायाचा गिअर काढून टाकला आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी गिअरची दांडी उभी केली. क्लचही त्याच दांडीवर, म्हणजे एका हातानं दोन्ही व्हावं. ही दांडी गाडीच्या चेसिसला धरून ठेवायला त्यांनी एक ब्रॅकेट बनवलं, मुठीएवढं, अॅल्युमिनियमचं. जुने पिस्टन स्वतःच्या भट्टीत वितळवून ओतलेलं. गाडीतला हा बदल आरटीओत रीतसर कागदावर चढवून घेतला. प्रेमराजला शिकाऊ लायसन मिळालं. गेले पाच महिने तो शाळेच्या मैदानावर रोज फेऱ्या मारत होता, आणि एरंडोलच्या ठिबकच्या डीलरनं त्याला सांगून ठेवलं होतं, की पक्कं लायसन आण, एक तारखेपासून सर्व्हिसिंगच्या कामावर ये.

शिकाऊ लायसनची मुदत रविवारी संपत होती. आज शुक्रवार. शनिवार-रविवार कचेरीला सुट्टी. टेस्ट आज एक वाजता होती.

आणि काल चार वाजता, शेवटचा सराव म्हणून प्रेमराज मैदानावर गेला असताना, ते ब्रॅकेट तुटलं. दांडी हातात आली, गाडीनं हिसका दिला आणि त्याला घेऊन आडवी झाली. पारावरची माणसं धावत आली. दोघांनी त्याला उचललं. तिसऱ्यानं कृत्रिम पायातली चप्पल लांब उडाली होती ती आणून त्याच्यासमोर ठेवली. प्रेमराजनं घरी येताना हातातला तुकडा शेतात भिरकावला, आणि सकाळी गाडी भंगारवाल्याला देतो म्हणाला.

… कोपर कसं आहे आता? … पट्टी बदलली का? … बरं, नका सांगू. … नाही, भंगारात नाही द्यायची. … कारण मी नाही म्हणतेय म्हणून. … आर्गॉन वेल्डिंग म्हणतात त्याला. साध्या वेल्डिंगनं अॅल्युमिनियम जुळत नाही, वितळून गळून जातं. … मला काल कुठं माहीत होतं? आज कळलं. तीन दुकानं फिरले.

ती साडेसहाच्या एसटीनं निघाली होती. जळगावला उतरून दुसऱ्या गाडीनं नशिराबादला, मिस्तरींच्या घरी. मिस्तरींची भट्टी कित्येक महिने थंड पडलेली होती. त्यांनी तिच्या पिशवीतले दोन तुकडे घेतले, अंगणात उन्हात नेले, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ फिरवून बघितले. खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि तिच्याबरोबर निघाले. एमआयडीसीतल्या पहिल्या दुकानात फक्त लोखंडाचं काम होत होतं. दुसरा म्हणाला ठेवून जा, सोमवारी या. तिसरं हे शेड, नवीन नावाच्या वेल्डरचं. तिशीतला माणूस, बोलायला तुटक. त्यानं तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि सांगून टाकलं, की हे ओतीव आहे, तेल प्यायलेलं आहे, करून देतो पण टिकेल असं म्हणणार नाही.

… लोखंडाचं नवं बनवायला वेळ कुठाय? आणि दुसरं काही बसवलं तर परत तपासणी, परत कागद. तुम्हीच सांगितलं होतं मला. … जे कागदावर आहे तेच पाहिजे. … हो, एकदा करून झालं. … नाही. … नाही टिकलं. गार होताना परत तडकलं. … खोटं कशाला सांगू तुम्हाला.

तो टक् असा आवाज अजून तिच्या कानात होता. नवीननं तुकडे घासून, पेट्रोलनं पुसून, जोड भरला होता. चांदीसारखी रेघ उमटली होती आणि रूपाला वाटलं होतं, झालं. ती मिस्तरींना पाणी द्यायला वळली, तेवढ्यात आवाज आला. भरलेल्या रेघेच्या अगदी शेजारून नवी चीर गेली होती. नवीननं हातमोजा काढून टेबलावर टाकला. मिस्तरी मात्र पुढं झाले. आधी सगळा तुकडा गॅसवर नीट तापव, मग जोड भर, पाठीमागून अॅल्युमिनियमचीच पट्टी दे, आणि वाऱ्यावर ठेवू नको, कोरड्या वाळूत पुरून हळूहळू गार होऊ दे, असं त्यांनी नवीनला सांगितलं. नवीननं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा हातमोजा घातला.

… आता दुसऱ्यांदा करतायत. … तेवढ्यासाठीच तुम्ही निघायला पाहिजे. आत्ता निघालात तर साडेबाराला पोचाल. … ब्रॅकेट इथून मी मैदानावर आणते, मिस्तरी बसवून देतात. … आणि नाही झालं तर नाही झालं. पण तुम्ही तिथं असायला पाहिजे ना. … हो, चार माणसांत. … हसले ते मला माहीत आहे. कोण हसलं तेही माहीत आहे. … म्हणून काय जन्मभर ओट्यावर बसणार का?

हे बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पलीकडे काही क्षण नुसता टेम्पोच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. नीलेशनं इंजिन बंदसुद्धा केलं नव्हतं.

… चुकलं माझं. तसं नव्हतं म्हणायचं. … हॅलो? … आहात का? … अहो, मी पाया पडते तुमच्या. एवढं एकदा या. मग आयुष्यात काही मागणार नाही. … मला काय पडलंय? … मला नाही तर कुणाला पडलंय?

मग प्रेमराजचा आवाज चढला. आता तो मिस्तरींवर घसरला होता. म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही, भंगार ओतून माझ्या गाडीला लावलं, माझा जीव जाता जाता राहिला, गावभर सांगेन, असं बरंच काही. फोन जुना होता. स्पीकर बंद असला तरी आवाज बाहेर फुटायचा. मिस्तरी शेडच्या दारात एका उपड्या डब्यावर बसून पट्टीच्या कडा कानशीनं घासत होते. रूपापासून चार हातांवर. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

… त्यांना काही बोलू नका. … नाही, नका बोलू. … ते इथंच बसलेत. ऐकू जातंय त्यांना. … अहो, वयाकडे बघा त्यांच्या. सकाळपासून पोटात काही नाही, माझ्याबरोबर हिंडतायत. … त्यांचा काही दोष नाही. … मला माहीत आहे म्हणून सांगतेय.

सकाळी नशिराबादच्या अंगणात जे झालं होतं ते रूपाच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तुकडा जिथं तुटला होता ती बाजू अर्धी लख्ख होती आणि अर्धी काळी. लख्ख भाग काल तुटलेला. काळा भाग आधीपासून उघडा पडलेला, आणि त्यात कुणीतरी हातानं दाबून भरलेलं ग्रीस. मिस्तरींनी त्या काळ्या भागावर बोट फिरवलं. ग्रीस बोटाला लागलं. ते त्यांनी दोन बोटांत चोळलं, मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि बोटं धोतराला पुसली. तिला एका शब्दानं विचारलं नाही. पुढं नवीननं विचारलं, की हे ग्रीस इथं कसं, तेव्हा मिस्तरीच म्हणाले, गाडीला ग्रीस लागायचंच. आणि आता त्यांनाच शिव्या बसत होत्या, आणि ते खाली मान घालून पट्टी घासत होते.

… ऐका. थांबा जरा. मला एक सांगायचंय. … नाही, घरी आल्यावर नाही. आत्ता. … ते ब्रॅकेट काल गेलं, पण चीर त्याला आधीच होती. … आठ-दहा दिवस झाले. … मी बघितली. गाडी धूत होते तेव्हा. केसाएवढी. आधी वाटलं मळ आहे. नखानं उकरलं तर नख अडकलं. … हो, कळलं मला काय आहे ते. … नाही सांगितलं. … आणि ग्रीस लावलं त्याच्यावर. तुम्हाला दिसू नये म्हणून.

कानशीचा आवाज थांबला होता.

रूपानं फोन कानावरून काढून बघितला. चालू होता, सेकंद पुढं सरकत होते. तिनं तो पुन्हा कानाला लावला. तिचं माहेर धुळ्याचं, शाळाही तिथलीच, आणि बारा वर्षं सासरी राहूनही ती नवऱ्याशी तशीच शाळेतली मराठी बोलायची. घरची अहिराणी तिच्या तोंडी यायची ती फक्त रडू फुटायच्या वेळेला.

… माले भेव वाटे. तुम्ही गाडीवर बसनात की माले भेव वाटे. … बठ्ठं मनमाच ऱ्हायनं. … मनी चूक शे. मिस्तरीनी नही.

मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि जी भीती सगळी मनातच राहिली होती, जी तिनं स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण म्हटली नव्हती, ती सांगायला घेतली.

… तुम्हाला दवाखान्यात आणलं तेव्हा तुम्ही शुद्धीवर नव्हता. मी होते. तो पाय मी बघितला. … पाच महिने तुम्ही रोज गाडी काढायचा आणि मी चुलीपाशी बसून आवाज ऐकायचे, परत येईपर्यंत. … पक्कं लायसन मिळालं की तुम्ही रोज लांब जाणार, रस्त्यावर जाणार. … म्हणून वाटलं, चीर वाढेल, उभ्या गाडीचं ब्रॅकेट गळून पडेल, आणि हे सगळं आपोआप थांबेल. … तेवढाच विचार केला. तुटताना तुम्ही वर बसलेले असाल, हे डोक्यातच आलं नाही. … हो. … हो, जीव गेला असता. … माझ्यामुळे. … काल तुम्हाला धरून घरी आणलं ना, तेव्हा कळलं मी काय केलं ते. तुमचा जीव वाचावा म्हणून गप्प बसले आणि… हॅलो? … हॅलो? … अहो?

फोन बंद झाला होता. त्यानं ठेवला की लाइन गेली, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग नीलेशला लावला, तर तो म्हणे संपर्कक्षेत्राच्या बाहेर. शेडसमोरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला पाठ लावून ती उभी राहिली. आत निळा उजेड भगभगायला लागला होता.

मिस्तरी उठून तिच्याजवळ आले. घासलेली पट्टी त्यांच्या हातात होती. तिनं हात जोडले. मिस्तरी म्हणाले, "पोरी, ओतताना माझ्याही हातून बुडबुडा राहिला असेल. उगाच चीर जात नाही." एवढं बोलून ते पट्टी घेऊन आत गेले.

दुसऱ्या वेळेला नवीननं घाई केली नाही. आधी गॅसच्या ज्योतीनं सगळा तुकडा तापवला. जोड थोडा भरायचा, थांबायचा, पुन्हा भरायचा. पाठीला पट्टी बसवली. मग चिमट्यानं तुकडा उचलून वाळूच्या घमेल्यात पुरला. त्या घमेल्याभोवती तिघं जण उभे राहिले, कुणी गेलेल्या घरी उभं राहावं तसे. रूपा आवाजाची वाट बघत होती. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. आवाज आला नाही. मिस्तरींनी वाळू बाजूला सारून तुकडा काढला, छोट्या हातोडीनं ठोकला, कानाशी नेऊन ऐकला. मग एक बोल्ट भोकात घालून बघितला. भोक तापून किंचित वाकडं झालं होतं, बोल्ट अर्ध्यावर अडकला. ते पुन्हा डब्यावर बसले आणि गोल कानशीनं भोक घासायला लागले. अगदी हळू, दर चार घाशांनी बोल्ट घालून बघत. बारा वाजायला पाच मिनिटं होती. ज्या गाडीसाठी हे चाललं होतं ती गावाहून निघाली होती की नाही, हेही रूपाला माहीत नव्हतं.

फोन वाजला.

हॅलो? … हॅलो, हो, बोला. … काय? … पाना? … थांबा, विचारते. … मिस्तरी म्हणतायत बाराचा. बाराचा रिंगपाना, आणि क्लचच्या तारेसाठी पकड. … हो, आणि वॉशर आहेत इथं. … कुठं आहात? … पाळधी? … पाळधीला पोचलात? म्हणजे अर्ध्याच्या पुढं आलात. … नाही, रडत नाही. धूर आहे इथं.

त्यानं आणखी काहीतरी विचारलं. रूपानं फोन मिस्तरींपुढं धरला. "तुमच्याशी बोलायचं म्हणतायत," ती म्हणाली. मिस्तरींनी फोन दोन्ही हातांत धरून कानाला लावला आणि ऐकत राहिले. बराच वेळ. शेवटी म्हणाले, "हां भाऊ. झालं ते झालं. या तुम्ही." फोन तिच्या हातात परत आला तेव्हा बंद होता. प्रेमराज काय म्हणाला हे तिनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आरटीओच्या मैदानावर टेम्पो पोचला तेव्हा पाऊण वाजून गेला होता. प्रेमराज पुढच्या सीटवरून स्वतःच उतरला. कोपराला पट्टी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्यानं रूपाकडे बघितलं नाही. मिस्तरींच्या हातून ब्रॅकेट घेतलं, जोडावरून अंगठा फिरवला, आणि दोघं गाडीशेजारी जमिनीवर बसले. प्रेमराज पाना फिरवत होता आणि मिस्तरी हातानं जागा चाचपून सांगत होते. दांडी बसली, क्लचची तार ओढली गेली. माइकवर त्याचं नाव पुकारलं तेव्हा शेवटचा बोल्ट आवळून व्हायचा होता. तो आवळून प्रेमराज उठला आणि गाडी ढकलत आत गेला.

रूपा गेटबाहेर निघून आली. तिला बघवलं नसतं. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाची गाडी होती, तिथं ती मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. आतून गाड्यांचे आवाज येत होते. त्यातला आपला कोणता, हे तिला ओळखता येत होतं. पाच महिने तिनं दुसरं काय केलं होतं? आवाज सुरू झाला. मंद झाला. एकदा एकदम बंद पडला. तिनं रसाच्या गाडीची कड धरली. पुन्हा सुरू झाला. मग दुसऱ्या गाड्यांचे आवाज मध्ये आले आणि तिला काहीच कळेना. अर्धा तास ती तशीच उभी होती. मध्येच नीलेशचा टेम्पो गेटातून बाहेर पडून निघून गेला. त्यानं खिडकीतून हात केला, त्यावरून तिला काही समजलं नाही.

मग फोन वाजला. तिनं तो लगेच उचलला नाही. तीनदा वाजू दिला.

हॅलो?

… कुठं म्हणजे, बाहेर आहे. रसाच्या गाडीपाशी. … नाही, बघितलं नाही. … आवाज ऐकला. मध्येच बंद पडली होती ना? … मग? … परत करायला दिलं? … आठाचा आकडा पूर्ण? … पाय नाही टेकला? … हं. … हं. … … अहो, नीट सांगा, काय म्हणाले साहेब? … पास म्हणाले? … तोंडानं म्हणाले की कागदावर लिहिलं? … बरं. … बरं.

ती रसाच्या गाडीमागच्या बाकावर बसली.

… वेल्डिंगचं विचारलं का काही? … वाकून बघितलं? मग काय सांगितलंत? … … काय? … 'बायकोनं करून आणलं'? … असं म्हणालात? … … नाही, ऐकतेय. बोला.

… मिस्तरी कुठायत? … नीलेश सोडतो का त्यांना नशिराबादला? चांगलं झालं. आधी कुठंतरी जेवायला घाल म्हणावं. … मग गाडी कशी न्यायची आता? टेम्पो तर गेला. … चालवत? एरंडोलपर्यंत? … हायवेनं? … … तुम्ही जा. मी एसटीनं येते. … नाही हो, राग कसला. मला काय तोंड आहे रागवायला. … भीतीच आहे. ती काय एका दिवसात जाते? … तुमचा राग गेला का? … नाही ना? मग. … … असू दे. बरोबर आहे तुमचं. मी काही म्हणत नाही. आणखी महिनाभर नका बोलू माझ्याशी. …

गेटातून मोटारसायकल बाहेर आली. प्रेमराजनं ती रस्त्याच्या कडेला थांबवली, खरा पाय जमिनीवर टेकवला, आणि खिशातला चालू फोन पुन्हा कानाला लावून पलीकडे बघितलं. दोघांच्या मधून एक सिमेंटचा ट्रक गेला, मग दोन रिक्षा गेल्या. तो तसाच तिच्याकडे बघत थांबला होता.

… दिसताय मला. … हो, मागची सीट बघतेय. … धूळ आहे तिच्यावर, पुसा जरा. … … एका बाजूला नाही बसणार मी. दोन्हीकडे पाय टाकून बसते, पदर खोचून. लोकांनी बघितलं तर बघू दे. … आणि पन्नासच्या वर नाही न्यायची. … चाळीस. … हो, चाळीस. … थांबा तिथंच, रस्ता ओलांडते. … ठेवते.